काठी कुणाच्या हाताला हलकी?

गळाची काठी आणि रील घेताना तीन गोष्टी बघायच्या असतात म्हणे: वजन, टिकाऊपणा आणि किंमत. काठी हलकी हवी, म्हणजे दिवसभर धरून मनगट दुखत नाही. टिकाऊ हवी, म्हणजे दरवर्षी नवी घ्यावी लागत नाही. आणि किंमत खिशाला झेपणारी हवी. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. आमचं घर हार्डवेअरच्या दुकानावर चालतं, त्यामुळं ही भाषा मला काही परकी नाही. पाना घ्या, कुलूप घ्या, पाण्याची मोटर घ्या, गिऱ्हाईक हेच तीन प्रश्न विचारतं आणि त्यात वावगं काही नाही. पण पाना ज्या बोल्टला लागतो त्या बोल्टला तोंड नसतं.

गळाच्या काठीचं तसं नाही. तिच्या दोराला दोन टोकं आहेत आणि दोन्ही टोकांना जीव आहे. वजन, टिकाऊपणा, किंमत ही तिन्ही मापं घेतली जातात ती मात्र एकाच टोकाला उभं राहून. दुसऱ्या टोकाला जाऊन तीच मापं पुन्हा घ्या. हलकं ते जड होतं, टिकाऊ ते घातक होतं आणि स्वस्त ते सगळ्यात महाग पडतं. हे कसं, तेच आज सांगायचं आहे.

आधी भांडण कुणाशी नाही ते सांगते. ज्याचं पोट जाळ्यावर आहे त्याच्याशी माझं भांडण नाही. आमच्या धारवाड जिल्ह्यातूनच १९९७ साली वेगळ्या झालेल्या हावेरी जिल्ह्यात, तुंगभद्रेच्या काठी चौडदानपूर आहे. बाराव्या शतकातल्या अंबिगर चौडय्यांचं नाव त्या गावाशी जोडलेलं आहे. नाव वल्हवणारा तो माणूस वचनकार शरण म्हणून आजही पूजला जातो. पाण्यावर पोट भरणाऱ्यांना हिणवण्याचा अधिकार दुकानाच्या गादीवर बसलेल्या आम्हा लोकांना कुणी दिलेला नाही. माझं भांडण आहे ते रविवारी सकाळी गाडीच्या डिकीत काठी टाकून उणकलच्या बांधावर, केलगेरीच्या काठावर, नाहीतर सरळ दांडेलीला काळी नदीवर जाणाऱ्या हौशी मंडळींशी. आणि त्यातही जास्त भांडण आहे ते आमच्याच घरांतल्या मुलांशी.

होय, आमच्याच. दचकू नका. आमच्या गल्लीतला एक मुलगा, कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातला, मागे मला विचारायला आला होता. "काकू, तुम्हाला सामानातलं कळतंय. ग्राफाइटचा रॉड घेऊ का फायबरग्लासचा? टिकेल कुठला?" मी म्हटलं, "अरे, तू मासा खातोस?" तर दोन्ही कान धरले त्यानं. "छे छे काकू! पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. खात कोण नाही. हिंसा होतच नाही त्यात."

हे शेवटचं वाक्य मला गळासारखं रुतलं आहे. 'आम्ही खात नाही' म्हटलं की सगळं धुऊन निघतं असं आपल्या पोरांना वाटायला लागलंय, आणि मोठी माणसंही ऐकून मान डोलावतात. म्हणून त्या पोराच्या तिन्ही मापांचा हिशेब नीट मांडते.

पहिलं माप वजन. जुनी काठी बांबूची. मग फायबरग्लास आलं, मग ग्राफाइट, म्हणजे कार्बनचे तंतू. सात फुटी ग्राफाइटची काठी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढ्याच लांबीची फायबरग्लासची तिच्याहून बरीच जड. वर पंचवीसशे नंबरची रील, तीही साधारण पाव किलोच. सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. याच्याही खाली 'अल्ट्रालाइट' नावाचा प्रकार आहे. त्याचा दोर दोन-अडीच किलोच्या ओढीला तुटेल इतका बारीक. त्याचं कौतुक कशासाठी, तर लहानसा मासासुद्धा त्यावर 'मोठा लागतो', झुंज लांबते, मजा येते.

झुंज लांबते म्हणजे काय होतं, ते पाण्याखाली जाऊन बघा. दोर बारीक आहे म्हणून जोरानं ओढता येत नाही, ओढलं तर तुटेल. म्हणून माशाला पळू द्यायचं, दमवायचं, परत थोडं ओढायचं, परत पळू द्यायचं. जिवाच्या आकांतानं पळताना त्याच्या स्नायूंत आम्ल साठत जातं, श्वास अपुरा पडतो. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात तळ्याचं पाणी कोमट होतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. असा दमलेला मासा वर काढायचा, हवेत धरायचा, फोटो नीट आला का बघायचं आणि मग 'सोडून' द्यायचा. तो पोहत गेला एवढंच काठावरच्याला दिसतं. तासाभरानं त्याचं काय झालं ते बघायला कुणी थांबत नाही. पकडून सोडण्याच्या खेळाचे जे जाणकार आहेत त्यांचाच सल्ला असा आहे की माशाच्या मानानं दणकट सामान घ्या आणि झुंज लवकर संपवा. म्हणजे त्यांच्याच शास्त्रात हाताला हलकी असलेली काठी माशाला जड जाते. दुकानदार हे सांगत नाही, कारण मासा काही गिऱ्हाईक नव्हे.

वजनाचीच आणखी एक गोष्ट. दोर खाली बसावा म्हणून त्याला शिशाच्या गोळ्या लावतात. त्या गळून तळाशी राहतात आणि पाणपक्षी खडे समजून गिळतात. इंग्लंडमध्ये हंस अशा शिशानं मरायला लागले तेव्हा तिथल्या सरकारनं १९८७ साली मासेमारीतल्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. आपल्याकडं एवढ्याशा गोळीचा विचार करायला कुणाला वेळ आहे?

दुसरं माप टिकाऊपणा. काठी टिकावी, रीलचे दाते झिजू नयेत, यात मला काही म्हणायचं नाही. वस्तू टिकली तर चांगलंच. पण काठीबरोबर दोर येतो आणि गळ येतो, आणि या दोन वस्तू हरवण्यासाठीच जन्माला आलेल्या असतात. पूर्वी दोर घोड्याच्या केसांचा, रेशमाचा, सुताचा असायचा. तुटून पडला तर कुजून जायचा. १९३८ साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीनं नायलॉन जाहीर केलं आणि त्यानंतर गळाचा दोर कुजायचा राहिला. माणसाच्या कितीतरी पिढ्या जातील, तो पाण्यात तसाच राहील. पारदर्शक असल्यामुळं दिसतही नाही.

कन्नडात गळाला 'गाळ' म्हणतात. मराठीत गाळ म्हणजे तळाचा चिखल. आमच्या उणकलच्या तळ्यात दोन्ही गाळ आहेत, एकात एक गुंतलेले. वर जलपर्णी, खाली चिखल आणि मध्ये कुणीतरी तोडून टाकलेला नायलॉनचा गुंता. त्यात पाणकावळ्याचा पंख अडकतो, बगळ्याच्या पायाला वळसा बसतो. पक्षी जितकी झटापट करील तितका फास आवळतो. बाटलीवर 'टिकाऊ' लिहिलेलं लोणचं कपाटात टिकतं, कुणाच्या गळ्यात नाही. दोराचा टिकाऊपणा बघताना तो कुठं टिकणार आहे हे नको का विचारायला?

गळाचंही तेच. गंज न धरणाऱ्या पोलादाचा गळ माशाच्या घशात राहून गेला तर राहिलाच. साध्या पोलादाचा निदान गंजून झडतो. म्हणून जाणकार मंडळी गंजणारा, उलटा काटा नसलेला गळ वापरा म्हणून सांगतात. बघा मग! ज्या खेळात चांगलं सामान म्हणजे लवकर गंजणारं सामान, त्या खेळाचा बाजार टिकाऊपणाच्या नावानं चालतो.

तिसरं माप किंमत. इथं तर आम्हा व्यापारी लोकांना कुणी काही शिकवायला नको. स्वस्त रील घेतली तर तिचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोर बेतानं सोडणारा ब्रेक, झटके देत चालतो. झटका बसला की दोर तुटतो. गिऱ्हाईकाचं नुकसान किती? चार वाव दोर आणि एक गळ. माशाचं नुकसान? तोंडात लोखंड आणि मागं फरफटणारी नायलॉनची शेपटी. मग महाग घ्यावी तर? महाग घेतली की पैसे वसूल व्हायला हवेत. पंधरा हजारांची काठी माळ्यावर पडून राहिली तर घरातली माणसं बोलतात. म्हणून रविवारमागून रविवार नदीवर जायचं. स्वस्तात एका माशाला जास्त त्रास, महागात जास्त माशांना त्रास. या हिशेबातला उणे बाकीचा रकाना कायम दुसऱ्याच्या नावावर असतो.

आता हौशी मंडळींची बाजूही प्रामाणिकपणे ऐकायला हवी. ते म्हणतात, हा खेळ आजचा आहे का? नाही, तो फार जुना आहे आणि आपल्याच मुलखातला आहे. कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात ही नोंद त्याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो जवळचा. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. काठी कशी असावी, दोर कशाचा, गळ कसा, आमिष कोणतं, मासे किती जातींचे, सगळं त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून जगाला त्याची ओळख करून दिली. म्हणजे काठीची निवड हा विषय या मुलखात नऊशे वर्षं जुना आहे. पण राजानं प्रकरणाला नाव काय दिलं ते बघा: विनोद. करमणूक. अन्न नाही, उद्योग नाही. त्याच पुस्तकात एका बाजूला घाम गाळत कांडणाऱ्या बायका आहेत आणि दुसऱ्या बाजूला करमणुकीसाठी गळ टाकणारा राजा. जुनं म्हणून मान द्यायचाच तर मी ओवीला देईन.

पुढं साहेब आले. दक्षिण कानड्यात अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंचा महसीर गळानं काढला आणि त्या विक्रमाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. मग कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोरे इथं तळ उभे राहिले. तिथं पकडून सोडण्याचा खेळ देशोदेशींच्या लोकांना पैसे घेऊन खेळू दिला जात असे.

या मंडळींचा सगळ्यात जोरकस मुद्दा इथलाच आहे. ते म्हणतात, आम्ही होतो म्हणून नदीत सुरुंग लावणारे आले नाहीत. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांनाच आम्ही वाटाडे म्हणून कामाला ठेवलं. आम्हीच नोंदी ठेवल्या. हे खोटं नाही. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळवाल्यांच्या नोंदींवरूनच शास्त्रज्ञांना कळलं की कावेरीतला मदार असलेला महसीर, जगात फक्त याच नदीच्या खोऱ्यात असणारा, संपत चालला आहे. २०१८ साली त्या माशाचं शास्त्रीय नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.

पण त्याच नोंदींनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. मदारवाला महसीर घटत होता तेव्हा निळ्या परांचा दुसरा महसीर भराभर वाढत होता. तो कावेरीचा नव्हता, माणसानं आणून सोडलेला होता. लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर १९७०च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली आणि तिथली पिल्लं देशभर गेली. मासे वाढावेत, गळालाही भरपूर लागावेत, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण गळाला काहीतरी लागलं पाहिजे हीच अट असली की कोणता मासा लागतोय हे दुय्यम होतं. नदीवर प्रेम होतं, मान्य. ते प्रेम दोराला बांधलेलं होतं, एवढंच माझं म्हणणं. राखणदारीला पैसे लागतात, तेही मान्य. पण मासा नुसता बघायला माणूस पैसे देत नाही हे कुणी ठरवलं? शृंगेरीला तुंगेच्या घाटावर जाऊन बघा. हातभर लांबीचे मासे पायरीशी येतात, लोक चुरमुरे टाकतात, लेकरं हरखून ओरडतात. एकाच्याही हातात काठी नसते.

मग येतो तो नेहमीचा प्रश्न, "माशाला दुखतं कुठं?" २००३ साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यात आणि ओठांजवळ वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंचा शोध लावला. ओठात झोंबणारं द्रव्य टोचल्यावर ते मासे खाणं सोडून ओठ खडीवर घासत राहिले. यावर वाद घालणारे शास्त्रज्ञ आजही आहेत, असू देत. मला एवढंच विचारायचं आहे, शंका असेल तर तिचा फायदा कुणाला द्यायचा? ज्याच्या हातात काठी आहे त्याला, की ज्याच्या ओठात गळ आहे त्याला?

आणि आता आमच्या पोरांकडं परत येते. आपल्या श्रावकाचारात बारा व्रतं आहेत, त्यांत एक अनर्थदंडविरती. अर्थ सरळ आहे: ज्याला प्रयोजन नाही अशी इजा करू नका. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात पहिला पापोपदेश, म्हणजे हिंसेच्या कामात सल्ला देणं, आणि दुसरा हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. तेव्हा 'काकू, कुठला रॉड घेऊ?' या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात बसतं आणि वाढदिवसाला बापानं घेऊन दिलेला रॉड दुसऱ्यात.

पण धर्मग्रंथ बाजूला ठेवा. ज्यांना तो मान्य नाही त्यांच्यासाठी साध्या व्यवहारातलं सांगते. मासा खाणाऱ्याकडं निदान एक कारण असतं. त्याला भूक असते, घरात खाणारी चार तोंडं असतात, बाजारात विकून मिळणारे पैसे असतात. ते कारण तुम्हाला पटो न पटो, ते कारण असतं. जो खात नाही, विकत नाही, तरी गळ टाकतो, त्याच्याकडं काय असतं? फोटो. 'मी खात नाही' हे वाक्य त्याच्या बाजूचा साक्षीदार नव्हे, त्याच्या विरुद्धचा आहे. हे माझ्या जैनपणाचं खूळ समजू नका. स्वित्झर्लंडनं २००८ साली आपल्या प्राणीसंरक्षणाच्या नियमांत लिहूनच टाकलं की सोडून देण्याच्याच इराद्यानं मासा पकडणं चालणार नाही. तिथं मासे खाणारेच लोक राहतात. त्यांना जे कळलं ते कांदा न खाणाऱ्या घरात कळू नये?

आम्हा मोठ्यांचीही त्यात चूक आहेच. मासळीबाजारावरून जाताना नाकाला पदर लावायचा आणि लेकाच्या मोबाइलवर हातात मासा धरलेला फोटो बघून 'किती मोठा रे!' म्हणायचं, ही कसली अहिंसा? वास आला की पाप आणि वास आला नाही की छंद, असा काही नियम आहे का?

त्या मुलाला मी काय सांगितलं ते विचाराल. पहाटे उठून पाण्याकाठी जायची, तासन्‌तास गप्प बसायची त्याची हौस खरी आहे. आजकालच्या पोरांत ती दुर्मीळ आहे, ती मोडू नये. त्याला म्हटलं, दुर्बीण घे. आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, पक्षी बघणारे वापरतात ती. सहाशे-सातशे ग्रॅमची मिळाली तर गळ्यात दिवसभर जड होत नाही. पाणी न शिरणारी घे, म्हणजे पावसाळ्यातही टिकेल. आणि किंमत काठी-रीलच्या हिशेबातच बसवता येते. वजन बघ, टिकाऊपणा बघ, किंमत बघ, हवी तेवढी घासाघीस कर. ही निवड करायला मी तुझ्याबरोबर दुकानात यायला तयार आहे.

तो अजून काही बोललेला नाही. रॉड की दुर्बीण, ते त्याचं त्यानं ठरवायचं आहे. पण 'हिंसा होतच नाही त्यात' हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर म्हणणार नाही, एवढं नक्की.